बेडूक

कलिंगड तळ्याच्या मधोमध गेलं नसतं, तर बेनीकाकांना पोहता येत नाही हे त्यांना स्वतःलाही कधी कळलं नसतं.

लेहेल हा त्यांच्या बायकोच्या भावाचा मुलगा. त्याच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा होता आणि जेवण त्याच्या सासुरवाडीला ठेवलं होतं. सासुरवाडी बेनीकाकांच्या गावापासून, सोवातापासून, दोन डोंगर पलीकडे. अंगणाच्या खाली ट्राउट मासे पाळलेलं तळं होतं. रश्शातल्या शेवया झाल्या, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा झाला, मग आलुबुखाराची दारू फिरली. बेनीकाकांनी एकच पेला घेतला. दारूच्या अंमलाखाली आपण बोलू लागू याची त्यांना नेहमी भीती वाटे.

जेवणानंतर कापायची कलिंगडं गार व्हावीत म्हणून पाण्यात सोडली होती. त्यातलं एक जाळ्यातून निसटलं आणि संथपणे मध्यभागी जाऊन उभं राहिलं.

"होडी काढा," कुणीतरी म्हणालं.

"होडी कशाला?" लेहेल म्हणाला. "आपल्याकडे सोवाताचे पोहण्याचे मास्तर बसलेत की. काका, आणता का तेवढं?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. अशी नजर बेनीकाकांच्या वाट्याला फार येत नसे. ते आरोग्यधामाच्या वाचनालयात ग्रंथपाल होते आणि ग्रंथपाल म्हणूनच निवृत्त झाले. लोकांसमोर बोलायची वेळ आली की त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठत. पण पोहणं ही गोष्ट वेगळी होती. तरुणपणी वाचनालयात त्यांना पोहण्यावरचं एक जुनं पुस्तक सापडलं होतं. पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखातला मिशीवाला माणूस स्टुलावर पोट टेकवून हातपाय कसे मारतो, याची त्यात चित्रं होती. बेनीकाकांनी आधी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आणि मग गावच्या खाऱ्या तळ्यात ते हातपाय घोटले. चित्रातल्यासारखं सगळं जमलं. आयुष्यात पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडलेली ती एकच गोष्ट.

त्यांनी कोट काढला, घडी करून बाकावर ठेवला. बूट काढले. दगडावर उभं राहून हात जोडले आणि उडी मारली.

कलिंगड तरंगत होतं. बेनीकाका तरंगले नाहीत.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, पाणी अजून वर उचलायचं आहे, क्षणभर थांबायला हवं. सोवाताचं खारं पाणी तसंच करतं, माणसाला थोडं गिळतं आणि बुचासारखं वर फेकतं. हे पाणी काहीच करत नव्हतं. त्यांनी मिशीवाल्यासारखे हात मारले. पाय मात्र खाली खाली जात राहिले, आणि नाकातोंडात आलेलं पाणी गोड होतं. ते गोड आहे याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

लेहेलच्या सासूबाईंनी गवताचा लांब दाताळा त्यांच्या गॅलिसच्या पट्ट्यात अडकवून त्यांना काठावर ओढलं, न्हाणीतून चादर काढावी तसं.

"मासे बघायला गेले होते," लेहेल म्हणाला. मग हसण्याचा जो गदारोळ उठला त्यात तान्ही मुलगी दचकून रडायला लागली.

सगळ्यांना वाटलं, दारू चढली. बेनीकाकांनी तसंच वाटू दिलं.

*

परतताना ते गाडीत पुढे बसले होते. अंगात लेहेलच्या सासऱ्याची पँट, कमरेला सुतळी. बायको तेरेझ मागे ओल्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"लेहेल," ते म्हणाले, "हे गावात सांगू नकोस."

"काय, काका?"

"हेच."

"एवढी चांगली गोष्ट? दाताळ्याचीसुद्धा नाही?"

"दाताळ्याची तर नाहीच. शपथ घे."

लेहेलने त्यांच्याकडे बघितलं, आणि त्याला बहुधा दया आली. "घेतली. पण तुमच्या माळ्यावरची ती बाटली माझी. सगळ्यात जुनी."

"तुझी."

थोडं अंतर गेल्यावर लेहेल स्वतःशीच हसला. "बरं झालं उद्या मी पोरांना घेऊन चाललोय. चार दिवस गावातच नसणार, म्हणजे तोंड आपोआप बंद."

"कुठली पोरं?"

"शाळेचं शिबिर. वरच्या धरणावर. बस मीच चालवतोय ना. बेर्नादेत्त बाई सांगत होत्या, तुमची बेडूकवाली चार पोरं आहेत त्यात. त्यांना होड्या मिळणार, खोल पाण्यात जायची परवानगी. बाकीची दोरीच्या आत छपाक् छपाक् करतील."

बेनीकाका खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्या सीटवर पिशवीचा आवाज झाला. तेरेझने ती मांडीवरून खाली ठेवली होती.

बेडूक म्हणजे हिरव्या कापडाचा, तळहाताएवढा. तेरेझ तो शिवून द्यायची. जे पोर या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत अख्खं तळं ओलांडेल, त्याच्या पोहण्याच्या पोशाखावर छातीशी बेडूक लागायचा. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात बेनीकाका धक्क्यावर उभे राहून पोरांना शिकवत. गावची पोरं, पाहुण्यांची पोरं. पैसे घेत नसत. कुणी दिले तर इतके कावरेबावरे होत की देणाऱ्यालाच लाज वाटे. सोवाताचं तळं वर गार आणि खाली ऊबदार असतं. लोकांच्या वावरण्याने थर ढवळले जाऊ नयेत म्हणून दुपारी घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढतात आणि तळ्याला झोपू देतात. घंटा होईपर्यंत बेनीकाका गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडत, "हात पुढे, बाजूला, जवळ!" माणसांत बोलताना तुटणारा त्यांचा आवाज तेवढा तिथे तुटत नसे.

मान वर, तोंड पाण्याबाहेर, हा त्यांचा पहिला नियम होता. खारं पाणी डोळ्यांत गेलं की पोर तासभर रडतं. पाण्यात तोंड घालून श्वास कसा सोडायचा हे त्यांनी कुणालाच शिकवलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते कधी लागलं नव्हतं. पुस्तकात होतं ते. त्यांनी ती पानं न वाचताच उलटली होती.

*

उन्हाळ्यात गावातल्या बऱ्याच घरांसारखं त्यांचंही घर पाहुण्यांना दिलेलं असे, आणि दोघं मागच्या उन्हाळी स्वयंपाकघरात राहत. तेरेझने ओले कपडे दोरीवर टाकले. पाहुण्यांची नजर पडू नये म्हणून पँट चादरीच्या आड वाळत घातली.

"ओर्शी आहे त्यात," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग कपडे बदल आणि हायनालकडे जा. सुतळी बांधून जाऊ नकोस."

"कदाचित पोरांना येत असेल, तेरेझ. पोरं हलकी असतात."

"कलिंगड कुठे हलकं होतं? तरी तरंगलंच ना."

ते कपडे बदलून निघाले.

हायनाल आरोग्यधामात काळ्या औषधी चिखलाच्या विभागात काम करायची. दिवसभर बायकांच्या पाठीला, कमरेला चिखल लिंपायचा आणि धुवायचा. नवरा परदेशी गेला तो गेलाच. ओर्शी तिची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. या मोसमातला पहिला बेडूक तिने मिळवला होता.

"या, या, बेनीकाका! ओर्शी, बघ कोण आलंय. बसा, अक्रोडाचा केक आहे. पोरीसाठी केला होता, पण मास्तरांचा मान पहिला."

खाटेवर पिशवी भरून ठेवली होती. ओर्शी पोहण्याचा पोशाख घालूनच घरात हिंडत होती, छातीवर बेडूक.

"काका, मी होडीत पुढे बसणारे," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, जिला सगळ्यात चांगलं पोहता येतं ती पुढे. ग्यूला मागे बसणार. तो वल्हवणार आणि मी सांगणार कुठे जायचं ते."

"ग्यूलावर हुकूम चालवायला मिळणार म्हणून झोप नाही हिला," हायनाल म्हणाली. तिने केकचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. तिचे हात खरखरीत, भेगाळलेले होते आणि भेगांत काळं उरलेलं होतं. "काका, मी इथेच जन्मले, पण कमरेच्या वर पाण्यात कधी गेले नाही. माझी आई म्हणायची, आपण पाहुण्यांना धुवायचं, आपण नाही भिजायचं. आणि ही बघा. मला तर हिला बघून विश्वास बसत नाही."

आता सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, वाटेत त्यांनी ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि केक खाल्ला.

"चांगला झालाय," ते म्हणाले.

"आणखी घ्या."

त्यांनी आणखी घेतला. मग ओर्शीकडे वळून म्हणाले, "जेवल्या जेवल्या पाण्यात जायचं नाही, बरं का. आणि... धरणाचं पाणी गार असतं. काठाकाठाने राहिलेलं बरं."

"काठाने बाळं राहतात," ओर्शी म्हणाली.

हायनाल हसली. बेनीकाकाही हसले. निघताना हायनालने उरलेला केक तेरेझकाकूंसाठी कागदात बांधून दिला.

घरी तेरेझ दारातच उभी होती. "सांगितलंस?"

"सावध राहा म्हणून सांगितलं."

"सावध राहा म्हणून तर मी मांजरालाही सांगते." मग तिचं लक्ष त्यांच्या हातातल्या पुडीकडे गेलं. "हे काय?"

त्यांनी पुडी टेबलावर ठेवली. तेरेझने ती उघडली, पाहिली आणि पुन्हा तशीच बांधून टाकली. तो केक दोघांपैकी कुणीच खाल्ला नाही.

*

सकाळी बस शाळेसमोर उभी होती. बेर्नादेत्त बाईंना एकटीला गाठून हळूच सांगायचं, असं ठरवून बेनीकाका लवकर निघाले होते. पण बाईंच्या भोवती आधीच आया, बाप, पिशव्या आणि एक उलटी होणारं पोर होतं. ते गर्दीच्या कडेला थांबले. मग थोडे पुढे सरकले. तेरेझ मागे उभी होती. ती ढकलत नव्हती, फक्त उभी होती.

"बाई," ते म्हणाले.

"अरे वा, बेनीकाका! पोरांना निरोप द्यायला आलात?"

"बाई, माझ्या मुलांना पोहता येत नाही."

बाईंना नीट ऐकू आलं नाही. त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते नको तितक्या मोठ्याने निघालं. आजूबाजूची माणसं वळली.

"असं काय बोलता," बाई हसून म्हणाल्या. "मी स्वतः बघितलंय ओर्शीला तळं ओलांडताना. तुम्ही फारच नम्र आहात."

"तळं उचलतं तिला. ती पोहत नाही. मीसुद्धा नाही. मलाच पोहता येत नाही, बाई."

ग्यूलाचा बाप जवळच होता. तो जोरात हसला. "काका, परवा तर तुम्ही तळ्याच्या पाण्यावर पाठ टेकून वर्तमानपत्र वाचत होता. मी बघितलं. पान उलटताना बोट ओलं केलंत."

लोक हसले. हायनालही हसत होती, ओर्शीच्या खांद्यावर हात ठेवून. बेनीकाकांच्या मानेवर चट्टे चढले. त्यांनी समजावायचा प्रयत्न केला. मीठ, वजन, श्वास असं काहीतरी ते बोलू लागले. वाचलेलं सगळं डोक्यात होतं, पण वाक्य मधेच तुटत होतं. दोन आया पिशव्यांकडे वळल्यासुद्धा. बाईंनी घड्याळ पाहिलं.

बसच्या दाराला टेकून लेहेल सिगरेट ओढत होता. त्याने डोळा मारला आणि ओठांवरून बोट फिरवलं. शपथ पाळतोय, असं.

बेनीकाका त्याच्याकडे चालत गेले. वाट काही फार नव्हती.

"लेहेल, सांग त्यांना."

"काय सांगू?"

"कालचं."

"काका, शपथ घेतलीय मी."

"मी सोडवतो. सांग."

लेहेलने सिगरेट विझवली. एवढी चांगली गोष्ट रात्रभर पोटात ठेवून तो बिचारा फुगलाच होता. त्याने बसच्या पायरीवर उभं राहून सुरुवात केली, आणि काहीच सोडलं नाही. कोटाची घडी सांगितली. दगडावर जोडलेले हात करून दाखवले. कलिंगड कसं शांतपणे बघत होतं ते सांगितलं. बुडबुडे सांगितले. सासूबाई, दाताळा, गॅलिस. "आणि वर आल्यावर पहिला शब्द काय, माहितीय? 'गोड आहे.' म्हटलं, काका, चहा आहे का तो?"

लोक पोट धरून हसत होते. उलटी होणारं पोरही हसत होतं. बेनीकाका बसच्या चाकाकडे बघत उभे होते.

सगळ्यात आधी हायनालचं हसणं थांबलं.

"थांब, लेहेल," ती म्हणाली. "कधी झालं हे?"

"काल. दुपारी."

"काल दुपारी." ती बेनीकाकांकडे वळली. "तुम्ही काल संध्याकाळी माझ्याकडे आला होतात."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही केक खाल्लात."

त्यांना वाटलं काहीतरी बोलावं. पण केक खाल्ला होता, दोन तुकडे.

हायनाल ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त ओर्शीला खांद्याला धरून स्वतःकडे थोडं ओढून घेतलं. आता कुणीच हसत नव्हतं. ग्यूलाचा बाप टोपी काढून डोकं खाजवत होता. बेर्नादेत्त बाईंनी चारही बेडूकवाल्या पोरांची नावं घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे दोरीच्या आत. होडीत कुणी नाही. तिथले शिक्षक शिकवतील, मग बघू."

"मला येतं," ओर्शी म्हणाली.

"ओर्शी."

"बाई, मला येतं. त्यांना येत नसेल. मला येतं."

"ओर्शी, बसमध्ये बस."

ती बेनीकाकांकडे बघत नव्हती. ऊन चांगलंच चढलं होतं, आया मुलांच्या टोप्या सारख्या करत होत्या. ओर्शीने पिशवीतून लोकरी जाकीट काढलं, अंगात घातलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. बेडूक झाकला गेला. मग ती बसमध्ये चढली आणि पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली.

लेहेलने गाडी सुरू केली. दार लावण्याआधी खाली वाकून तो हळूच म्हणाला, "शपथ तुम्ही मोडलीत, काका, मी नाही. बाटली माझीच हं." पण त्यात चेष्टा फारशी उरली नव्हती.

बस गेल्यावर हायनाल कामाला निघून गेली. तिला उशीर झाला होता.

"चल," तेरेझ म्हणाली. तिने त्यांचा दंड धरला, म्हाताऱ्या माणसाचा धरतात तसा.

*

त्यांनी घरी जायचं ठरवलं होतं, पण घराची वाट तळ्यावरून जाते. धक्क्यावर पाहुण्यांची पाच-सहा पोरं त्यांची वाट बघत बसली होती. गलाट्सहून आलेली एक बाई नातीला घेऊन पुढे आली. नात परवा अर्ध्या तळ्यापर्यंत गेली होती.

"मास्तर, उशीर केलात. आज ही पुरं करणार. बेडूक आणलात ना?"

बेनीकाका थांबले. तेरेझने त्यांचा दंड सोडला.

"बाई, मी शिकवू शकत नाही," ते म्हणाले. सकाळपेक्षा हे सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. गेलं नाही. "मला पोहता येत नाही."

"असं कसं? आम्ही रोज बघतो तुम्हाला."

"ते पोहणं नव्हे. हे पाणी कुणालाही धरून ठेवतं. दुसऱ्या पाण्यात हिला सोडू नका. मी बुडतो."

बाईने तेरेझकडे पाहिलं. म्हाताऱ्याला ऊन लागलंय का, असं त्या नजरेत होतं. मग ती नातीला म्हणाली, "बघ, मास्तर गंमत करतात."

पोरं खिदळली. "बुडून दाखवा," त्यातलं एक म्हणालं.

बेनीकाकांनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी कोट काढला. या वेळी घडी केली नाही, तेरेझच्या हातात दिला. बूट काढले आणि शर्ट-पँटसकट शिडीवरून पाण्यात उतरले. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर त्यांनी शिडी सोडली. पाय पोटाशी घेतले, छातीतला सगळा श्वास सोडून दिला, डोळे मिटले आणि डोकं खाली घातलं. त्यांना मनापासून बुडायचं होतं. तेवढ्यापुरतं, दाखवण्यापुरतं.

आधी पाठ वर आली, मग ढुंगण. त्यांनी पुन्हा रेटा दिला, हातांनी पाणी वर ढकललं. तळ्याने त्यांना एका कुशीवर वळवलं आणि सावकाश उताणं करून आकाशाखाली ठेवलं. डोळ्यांत मीठ गेलं होतं. काही दिसत नव्हतं.

धक्क्यावर पोरं टाळ्या वाजवत होती. "पुन्हा," ती गलाट्सची नात ओरडली. "पुन्हा करा ना."

बेनीकाकांनी श्वास सोडला आणि पुन्हा डोकं खाली घातलं.